मेंडेलबाबांचा वाटाणा

थंडी पडली, बाजारात मटाराचे ढीग लागले, की घरोघरी शेंगा सोलण्याचा कार्यक्रम सुरू होतो. दाणे एका पातेल्यात, सालं दुसरीकडे. पूर्वीच्या बायका काटकसरी, त्या सालंसुद्धा टाकत नसत. सालाच्या आतला पारदर्शक, चिवट पापुद्रा नखाने अलगद ओढून काढायचा आणि उरलेल्या मऊ सालाची लसूण-मिरची घालून भाजी करायची. चव छान, पण काम भारी किचकट. तासभर पापुद्रे ओढले, तेव्हा कुठे चार माणसांना पुरेल एवढी भाजी व्हायची.

मैत्रिणींनो, हा पापुद्राच नसलेली वाटाण्याची एक जात असते. शेंग चपटी, पातळ, पोपटी. आत दाणे भरायच्या आधीच ती तोडायची आणि सालासकट खायची. मोठ्या शहरांत ती ‘स्नो पी’ या नावाने मिळते. आमच्याकडे तिला सालासकटचा वाटाणा एवढंच म्हणतात. काही वर्षं झाली, जालन्यातल्या माझ्या परसबागेत मी ती लावते आणि बचत गटातल्या बायकांना मूठमूठ बी वाटते. बी देताना एका माणसाची गोष्टही सांगते. त्यांनी आठ वर्षं वाटाणा लावला, तोडला, दाणा दाणा मोजला, आणि त्यांच्या वाफ्यात ही सालासकट खायची शेंगही होती.

त्यांचं नाव ग्रेगोर मेंडेल. शाळेच्या विज्ञानाच्या पुस्तकात एका धड्यापुरते ते सगळ्यांना भेटतात आणि परीक्षा झाली की विसरले जातात. मी कला शाखेची, त्यामुळे माझी आणि त्यांची खरी ओळख झाली ती मुलांचा अभ्यास घेताना. गटातल्या बायका त्यांना मेंडेलबाबा म्हणतात. मठात राहणारा ब्रह्मचारी माणूस, तेव्हा हे नाव त्यांना शोभतंही. पण त्यांच्या आयुष्याची गोष्ट मठापासून सुरू होत नाही. ती एका शेतकऱ्याच्या घरापासून आणि एका धाकट्या बहिणीपासून सुरू होते.

जुलै १८२२ मध्ये हाइन्झेनडॉर्फ नावाच्या खेड्यात हा मुलगा जन्मला. तेव्हा ते गाव ऑस्ट्रियाच्या साम्राज्यात होतं, आज चेक प्रजासत्ताकात आहे. घरचं नाव योहान. वडील अँटन यांची स्वतःची थोडी जमीन होती, पण आठवड्यातले तीन दिवस जमीनदाराच्या शेतावर वेठीला जावं लागायचं. आई रोझिना माळ्याची मुलगी. एक मोठी बहीण, वेरोनिका, आणि एक धाकटी, तेरेझिया. गावच्या पाद्रींना फळझाडांची फार आवड. ते गावकऱ्यांना कलमं बांधायला शिकवत. शाळेत लिहिण्या-वाचण्याबरोबर मधमाश्यांची, झाडांची माहिती मिळायची. योहानने वडिलांच्या हाताखाली कलम बांधायला शिकून घेतलं ते कायमचं. पुढे मठाधिपती झाल्यावरही त्यांचं फळझाडांचं वेड सुटलं नाही.

मुलगा हुशार म्हणून अकराव्या वर्षी त्याला परगावी शिकायला पाठवलं. मोठ्या शाळेत गेल्यावर घरच्यांना पूर्ण जेवणाचे पैसे परवडेनात, म्हणून अर्ध्या जेवणाचेच भरले. गावाकडून गाडीवाला जाणार असला की आई त्याच्याबरोबर पाव आणि लोणी पाठवायची. आपल्याकडे गावाहून एसटीने पोराचा डबा पाठवणाऱ्या आयांना हे वेगळं समजावून सांगायला नको.

१८३८ मध्ये वेठीच्या कामावर असताना झाडाचा ओंडका वडिलांच्या अंगावर आला. छातीला जबर मार बसला आणि कष्टाचं काम कायमचं संपलं. सोळा वर्षांच्या योहानला घरून पैसे येणं बंद झालं. शिकवण्या करून तो स्वतःचं भागवू लागला. उपासमार आणि काळजी यांनी वारंवार आजारी पडायचा, महिनोनमहिने घरी अंथरुणावर राहायचा. शेवटी १८४१ मध्ये वडिलांनी शेत मोठ्या जावयाच्या नावावर करून दिलं. त्यात तेरेझियाच्या लग्नासाठी तिचा वाटा राखून ठेवला होता. योहानचं पुढचं शिक्षण मात्र अडलं होतं.

तेव्हा तेरेझियाने आपल्या वाट्यातला हिस्सा भावाला देऊन टाकला. ती त्याच्याहून सातेक वर्षांनी लहान, म्हणजे जेमतेम बारा-तेरा वर्षांची पोर. त्या काळी हुंड्याचा वाटा कमी झाला म्हणजे चांगलं स्थळ मिळण्याची आशाही कमी झाली. त्या पैशावर योहानचं ओल्म्युट्झ इथलं शिक्षण पुरं झालं. आज जगभर बियाण्यांच्या आणि आनुवंशिकतेच्या शास्त्राचा पाया म्हणून ज्यांचं नाव घेतात, त्यांच्या शिक्षणाला तेरेझियाच्या लग्नाचा पैसा लागलेला आहे. भावाच्या शिक्षणासाठी शाळा सोडलेल्या, गळ्यातलं-कानातलं मोडलेल्या बहिणी आपल्या प्रत्येक गावात सापडतील. फरक एवढाच, की मेंडेल ते विसरले नाहीत. ते कसं, ते पुढे येईलच.

पुढचं शिक्षण घ्यायचं तर पोटाचा प्रश्न सुटायला हवा होता. एका शिक्षकाच्या शिफारशीने १८४३ मध्ये योहान ब्र्यून, म्हणजे आजचं ब्रनो, इथल्या सेंट थॉमस मठात दाखल झाला. तिथे त्याला ग्रेगोर हे नाव मिळालं. मठ श्रीमंत होता, ग्रंथालय मोठं होतं, आणि मठाधिपती नाप यांना शेती, मेंढ्या, द्राक्षं यांच्या सुधारणेत रस होता. धर्मगुरू म्हणून मेंडेल यांच्याकडे आजाऱ्यांना भेटायचं काम आलं, पण लोकांचं दुखणं बघून ते स्वतःच आजारी पडायचे. नाप यांनी ते ओळखलं आणि त्यांना शाळेत शिकवायला पाठवलं. मुलांना हे गुरुजी फार आवडायचे. पण नोकरी कायम व्हायची तर परीक्षा पास व्हावी लागे. १८५० मध्ये ते नापास झाले. नंतर दोन वर्षं व्हिएन्नाच्या विद्यापीठात शिकून आले आणि १८५६ मध्ये पुन्हा परीक्षेला बसले, पण ती पूर्ण करू शकले नाहीत. चौदा वर्षं त्यांनी ब्रनोच्या शाळेत बदली शिक्षक म्हणूनच काढली. परीक्षेत गुण कमी पडले म्हणून हिरमुसलेल्या मुलांना हे जरूर सांगा.

ज्या वर्षी परीक्षेने दुसऱ्यांदा हात दाखवला, त्याच वर्षी त्यांनी वाटाण्याचे संकर करायला घेतले. मठाच्या आवारातली जागा किती, तर साधारण ३५ मीटर लांब आणि ७ मीटर रुंद. म्हणजे आपल्याकडच्या एखाद्या मोठ्या परसाएवढीच. बियाणं विकणाऱ्यांकडून त्यांनी ३४ प्रकारचे वाटाणे आणले. संकराआधी दोन वर्षं ते नुसते लावून बघितले होते, कुठलं बी जसंच्या तसं उगवतं ते. त्यातून २२ निवडले. वेलांना काठ्या, फांद्या, दोऱ्यांचा आधार दिला.

वाटाणाच का निवडला? तर वाटाण्याचं फूल मिटलेलं असतं. पाकळ्यांची जणू मूठ वळलेली. आत नर आणि मादी दोन्ही भाग, आणि फूल उमलायच्या आधीच परागाचं काम उरकलेलं. मधमाशी सहसा आत शिरू शकत नाही. त्यामुळे एका वेलाचं बी दुसऱ्यात मिसळत नाही. शिवाय पीक लवकर येतं आणि दाणे भरपूर मिळतात.

मेंडेल यांना मात्र मुद्दाम दोन जाती मिसळायच्या होत्या. मग ते कळी हलकेच उघडायचे, चिमट्याने पुंकेसर काढून टाकायचे, दुसऱ्या जातीच्या फुलातला पराग आणून लावायचे आणि फुलावर पिशवी बांधायचे.

हे सांगितलं की आमच्या गटातल्या निम्म्या बायका हसायला लागतात, कारण हे काम त्यांच्या हातांना पाठ आहे. जालना म्हणजे बियाण्यांचं गाव. बद्रीनारायण बारवाले यांनी १९६४ मध्ये इथे महिको सुरू केली, त्यांना १९९८ चा जागतिक अन्न पुरस्कार मिळाला. २०१७ मध्ये ते गेले, पण त्यांच्यामागे या भागात बियाण्यांचा मोठा व्यवसाय उभा राहिला. जालन्यात आणि शेजारच्या देऊळगाव राजाकडे गावोगावी सीड प्लॉट असतात. संध्याकाळी दुसऱ्या दिवशी उमलणारी कपाशीची किंवा भेंडीची कळी हेरायची, नखाने पुंकेसर काढायचे, खूण करून ठेवायची आणि सकाळी नराचं फूल आणून पराग टेकवायचा. नख जरा खोल गेलं तर बोंड गळतं, एखादा पुंकेसर राहिला तर बी भेसळीचं होतं. शेकडो कळ्या, वाकलेली मान, डोक्यावर ऊन. या कामात बहुतेक बायकाच असतात. मेंडेलबाबा मठाच्या बागेत जे करत होते तेच त्या रोज करतात, फक्त त्याला शास्त्र म्हणतात हे त्यांना कुणी सांगितलेलं नसतं. रोजंदारीच्या हिशेबात हे काम मजुरी असतं, पण पुस्तकात ते प्रयोग असतं. मला तर वाटतं, सीड प्लॉटवर जाणाऱ्या प्रत्येक बाईला मेंडेल ठाऊक असायलाच हवेत.

तर, त्यांनी वाटाण्याचे सात गुण निवडले. दाणा गोल की सुरकुतलेला, पिवळा की हिरवा, वेल उंच की बुटका, फुलं कुठे येतात, दाण्याच्या सालीचा रंग, कोवळ्या शेंगेचा रंग आणि शेंगेचा आकार. या शेवटच्या गुणातच आपली भाजी आहे. एक शेंग फुगीर, आत पापुद्रा असलेली, म्हणजे आपला नेहमीचा मटार. दुसरी दाण्यांवर आवळून बसलेली, म्हणजे सालासकट खायची. दोन्हींचा संकर केला तर पुढच्या पिढीत सगळ्या वेलांना फुगीरच शेंगा आल्या. सालासकटची शेंग जणू नाहीशीच झाली.

दुसरा कुणी असता तर तिथेच थांबला असता. मेंडेल यांनी त्या फुगीर शेंगांचंच बी पुन्हा लावलं. आणि काय आश्चर्य, नाहीशी झालेली शेंग परत आली. ११८१ वेल मोजले, त्यातल्या ८८२ वेलांना फुगीर शेंगा होत्या आणि २९९ वेलांना आवळलेल्या. म्हणजे साधारण तीनास एक. इतर गुणांचंही तेच. ७३२४ दाण्यांत ५४७४ गोल, १८५० सुरकुतलेले. पुन्हा तीनास एक. १८५६ ते १८६३ या आठ वर्षांत त्यांनी सुमारे २८ हजार झाडं तपासली. या शेंगेच्या आकारामागची जनुकं नेमकी कोणती, ते शास्त्रज्ञांनी २०२५ मध्ये शोधून दाखवलं. मेंडेल यांच्या काळी तर जनुक हा शब्दही नव्हता.

त्यांनी मोजून ओळखलं ते असं, की प्रत्येक गुणासाठी रोपाला दोन घटक मिळतात, एक आईकडून, एक वडिलांकडून. दोन्हींत एक जोरकस असला तर दुसरा दिसत नाही. पण दिसत नाही म्हणजे तो नसतो असं नाही. तो तसाच राहतो आणि पुढच्या पिढीकडे जातो. पुढे कधी तसाच दुसरा घटक त्याला भेटला, की दिसायला लागतो.

वाटाण्यापुरतं हे गमतीचं वाटतं. माझ्यासारखीला गावात काम करताना ते फार वेगळ्या ठिकाणी भेटतं. थॅलेसेमिया झालेल्या मुलाला दर काही आठवड्यांनी रक्त भरावं लागतं. आई-बाप दोघंही धडधाकट, दोघांच्या घरात कधी कुणाला आजार नाही. मग दोष कुणाचा? तर सुनेचा. तिच्या माहेरचा, तिच्या पायगुणाचा, तिने गरोदरपणात काय खाल्लं त्याचा. अशा घरात मी वाटाण्याची गोष्ट सांगते. दोघांच्याही अंगात तो घटक लपलेला होता, त्याला आणि तिला दोघांनाही त्याचा त्रास नव्हता. दोन लपलेले घटक एकत्र आले म्हणून मूल आजारी झालं. अशा जोडप्याच्या प्रत्येक बाळंतपणात चारात एक अशी ही शक्यता असते. एक मूल आजारी झालं म्हणून पुढची तीन चांगली होतील असा हिशेब मात्र नाही, दर वेळी चारात एक शक्यता नव्याने उभी राहते.

आपल्या भागात मामाच्या मुलीशी, आत्याच्या मुलाशी लग्न करायची चाल अजून आहे. घरातलीच पोरगी, शेत घरात राहतं, देणं-घेणं फार नाही, म्हणून आई-बापांनाही ते सोयीचं वाटतं. पण दोघांचे आजी-आजोबा एकच असले, तर एकच लपलेला घटक दोघांकडे आलेला असण्याची शक्यता वाढते. नात्यातल्या प्रत्येक लग्नात मूल आजारी होतं असं मुळीच नाही. पण लग्नाआधी पत्रिका बघतो, तशी रक्ताची एक तपासणी करून घ्यायला काय हरकत आहे? थॅलेसेमियाचा लपलेला घटक साध्या रक्ततपासणीत कळतो. मुलाची आणि मुलीची, दोघांचीही तपासणी करा. फक्त मुलीची करून तिला नाकारण्यासाठी नको.

एवढं मोठं गूज हाती लागलं, तेव्हा जगाने काय केलं? ८ फेब्रुवारी आणि ८ मार्च १८६५ या दोन संध्याकाळी मेंडेल यांनी ब्रनोच्या निसर्ग अभ्यासक मंडळासमोर आपलं काम वाचून दाखवलं. चाळीसेक लोक होते. वाटाण्याच्या गोष्टीत एवढी गणितं कशाला, हे कुणाला उमगलं नाही. १८६६ मध्ये निबंध छापून आला. त्याच्या ४० प्रती त्यांनी मागवून घेतल्या आणि ओळखीच्या विद्वानांकडे पाठवल्या. म्युनिकच्या नेगेली नावाच्या मोठ्या प्राध्यापकांशी पत्रव्यवहार झाला. त्यांनी दुसऱ्याच एका रानफुलावर प्रयोग करायला सुचवलं. त्या झाडाला परागाशिवायच बी धरतं, हे तेव्हा कुणालाच माहीत नव्हतं, त्यामुळे वाटाण्याचा नियम तिथे जुळेना. बारीक फुलांत बघून बघून मेंडेल यांचे डोळे तेवढे शिणले.

१८६८ मध्ये ते मठाधिपती झाले. कारभार वाढला आणि प्रयोग मागे पडले. तरी मधमाश्या पाळायचे, रोजचं हवामान नोंदवायचे, फळझाडांची कलमं करायचे. १८७४ मध्ये सरकारने मठांवर नवा कर बसवला. तो अन्यायाचा आहे असं ठरवून ते शेवटपर्यंत सरकारशी भांडत राहिले. मठाच्या मालमत्तेवर जप्ती आली, जवळचे लोक दुरावले, पण त्यांनी माघार घेतली नाही.

आणि तेरेझिया? मठाधिपती झाल्यावर हाती पैसा आला, तेव्हा तिच्या तिन्ही मुलांच्या शिक्षणाचा खर्च मेंडेल यांनी उचलला. भाचे मठात यायचे, मामाशी बुद्धिबळ खेळायचे. त्यातले दोघं डॉक्टर झाले. बहिणीने दिलेला वाटा भावाने तिच्या लेकरांच्या पदरात असा परत घातला. आपल्याकडे बहिणीचा हिस्सा सोडून दिल्याच्या कागदावर सही करून घेताना किती भावांना तिची आठवण राहते, हा प्रश्न मी मुद्दाम विचारते. १९९४ मध्ये महाराष्ट्राने आणि २००५ मध्ये देशाच्या कायद्याने मुलीला वडिलोपार्जित मालमत्तेत मुलाइतकाच हक्क दिला. पण साडीचोळीवर भागवायची रीत गावात अजून गेलेली नाही.

६ जानेवारी १८८४ ला मूत्रपिंडाच्या आजाराने मेंडेल गेले. अंत्यविधीच्या वेळी ऑर्गन वाजवला तो पुढे नावाजलेल्या यानाचेक या संगीतकाराने. गावाला दुःख झालं ते एका दयाळू मठाधिपतीचं. शास्त्रज्ञ गेला हे कुणाला माहीत नव्हतं. त्यांचे बरेचसे कागद मठाच्या आवारात जाळून टाकण्यात आले. त्यानंतर सोळा वर्षांनी, १९०० मध्ये, हॉलंड, जर्मनी आणि ऑस्ट्रियातल्या तीन शास्त्रज्ञांना वेगवेगळं काम करताना तोच नियम सापडला आणि जुनी मासिकं चाळताना कळलं की एका मठवासीयाने हे ३४ वर्षांपूर्वीच छापून ठेवलेलं आहे.

मग कामाला वेग आला. १९०५ मध्ये अमेरिकेतल्या नेटी स्टीव्हन्स या बाईंनी पिठातल्या किड्यांचा अभ्यास करून दाखवलं, की नर की मादी हे नराच्या बीजावर ठरतं. माणसातही तसंच असतं. मुलगी झाली म्हणून सुनेला बोल लावणाऱ्या घरांपर्यंत ही गोष्ट अजून पोचायची आहे. शंभरावर वर्षं झाली तरी.

संकरित बियाण्यांचा सगळा धंदाही याच नियमावर उभा आहे. संकरित कपाशीचं किंवा भेंडीचं बी घरी धरून पुढच्या वर्षी पेरलं तर पीक एकसारखं येत नाही, लपलेले गुण वेगवेगळे होऊन बाहेर पडतात. म्हणून ते दर वर्षी विकत आणावं लागतं. आपला सालासकटचा वाटाणा मात्र मिटल्या फुलाचा. संकरित नसलेल्या वाणाचं बी एकदा आणलं, तर वर्षानुवर्षं घरच्या घरी धरता येतं. गटातल्या बायकांना मी तो देते, त्याचं हेही कारण आहे.

आता लावायचा कसा ते सांगते. दसरा उलटून हवेत गारवा आला की नोव्हेंबरच्या मध्यापर्यंत पेरावा. आपली काळी जमीन पाणी धरून ठेवते आणि वाटाण्याची मुळं लगेच कुजतात, म्हणून गादीवाफा करून त्यात शेणखत घालावं. जागा नसेल तर खोल कुंडी किंवा सिमेंटची धुतलेली गोणी चालते. बी रात्रभर भिजवून इंचभर खोल, चार बोटांच्या अंतरावर टोकावं. आठ-दहा दिवसांत उगवतं. वेलाला आधाराला गेल्या हंगामातल्या कपाशीच्या पऱ्हाट्या रोवल्या की फुकटात काम होतं. पाणी बेताचंच लागतं, भाजी-तांदूळ धुतलेलं पाणी बहुतेक पुरतं. दुष्काळाची सवय असलेल्या आपल्या जिल्ह्याला हे पीक म्हणूनच परवडतं. दीडेक महिन्यात फुलं येतात, त्यानंतर आठवड्याभरात शेंगा. दाणे टचटचीत व्हायची वाट बघायची नाही. एक दिवसाआड तोडत राहावं, म्हणजे वेल नव्या शेंगा धरतो. जानेवारीअखेर पानांवर पांढरी भुरी दिसली तर आंबट ताक पातळ करून फवारावं आणि फार बिघडलेली पानं काढून टाकावीत. हंगाम संपला की वेल उपटायचा नाही, बुडाशी कापायचा. मुळांवरच्या गाठींतले जिवाणू हवेतलं नत्र जमिनीला देतात, ते पुढच्या भाजीला मिळतं.

भाजी पाच मिनिटांची. पाव किलो शेंगांची टोकं मोडून कडेची शीर ओढून काढावी. कढई चांगली तापवून दोन चमचे तेलात मोहरी, जिरं, ठेचलेल्या पाच-सहा लसूण पाकळ्या आणि दोन हिरव्या मिरच्या घालाव्या. चिमूटभर हळद टाकून लगेच शेंगा घालायच्या. आच मोठी, झाकण नाही. तीन मिनिटं परतलं की रंग खुलतो. मीठ, दोन चमचे दाण्याचं कूट, चमचाभर भाजलेल्या तिळाची पूड आणि कोथिंबीर. शेंगा खाताना दाताखाली करकरायला हव्यात, शिजून मऊ झाल्या तर गोडी गेली म्हणून समजा. ज्वारीच्या गरम भाकरीबरोबर फारच छान लागते. भाजी पुरवायची असेल तर शेवटी भाजलेलं बेसन पेरावं आणि पाण्याचा हबका मारून वाफ आणावी. लहान मुलं तर वेलावरूनच तोडून कच्च्या खातात. नोव्हेंबरात पेरलेल्या शेंगा भोगीला बरोबर हाताशी येतात. भोगीच्या भाजीत वांगं, गाजर, हरभरा यांच्या जोडीला त्या घालून बघा, मात्र उतरवायच्या पाचच मिनिटं आधी.

दोन चांगले वेल बियांसाठी सोडायला विसरू नका. शेंगा वेलावरच वाळू द्या, दाणे काढून कडक उन्हात दोन दिवस ठेवा आणि राख घालून डब्यात भरा. त्यातली मूठभर शेजारणीला द्या. बरोबर तेरेझियाचीही गोष्ट सांगा, आणि घरात लग्नाची बोलणी चालू असतील तर रक्ततपासणीची आठवण करा.